सोबतीचा रकाना

"अकरा फेब्रुवारी," इस्पितळातल्या काचेमागची नोंदणीवाली बाई म्हणाली आणि पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवून तिने पुन्हा खात्री करून घेतली. "हो, अकरालाच बदललंय. गेल्या वर्षी."

निरीक्षकाने एवढंच सांगितलं होतं, की सोबतीच्या रकान्यात बायकोचं नाव असेल ते काढून टाका, ती ऑगस्टमध्ये वारली. बसमध्ये हे वाक्य त्याने मनातल्या मनात तीनदा म्हणून पाहिलं होतं. वजनमापं खात्यात तीस वर्षं काढल्यामुळे वाईट बातमी सपाट आवाजात द्यायची त्याला सवय होती. "तुमचा काटा किलोमागे वीस ग्रॅम मारतोय" हे वाक्य चढ्या आवाजात म्हटलं की दुकानदार भांडतो आणि पडेल आवाजात म्हटलं की चहा मागवतो. वाक्य ठीक गेलं. बाईने रीतसर "अरेरे" केलं, नाव काढायला गेली आणि थांबली. तिथे बायकोचं नाव नव्हतंच. बायकोच्या धाकट्या बहिणीचं होतं.

"कुणी बदललं?"

"पेशंटतर्फे पत्नी, असं आहे इथे. दोघी आल्या होत्या. दोघींच्या सह्या आहेत." बाईने मान वर केली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं," निरीक्षक म्हणाला. "विसरलो होतो."

एवढा धक्का बसूनही हृदय जागचं हललं नाही. सतरा वर्षांपूर्वी हृदय बदलल्यापासून त्याच्या बाबतीत ही नेहमीची गोष्ट होती. दुसऱ्याचं हृदय बसवताना नळ्या जोडतात, पण मेंदूकडून येणाऱ्या तारा जोडता येत नाहीत. त्यामुळे बातमी हृदयापर्यंत रक्तातूनच, टपालाने जावी तशी जाते. अगदी सुरुवातीला डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा तो हसला होता. सरकारी नोकरीत उशिरा पोचणाऱ्या कागदाचं कुणाला काय. पण बायको हसली नव्हती. "म्हणजे मी दचकवलं तर तुम्ही दचकणार, आणि हे नंतर?" तिने विचारलं होतं, आणि 'हे' म्हणताना त्याच्या छातीकडे पाहिलं होतं, घरात राहायला आलेल्या तिसऱ्या माणसाकडे पाहावं तसं. आताही तो काचेसमोरून निघाला, चौथ्या रांगेतल्या खुर्चीत बसला, मास्क नाकावर नीट केला, पिशवीची दोन्ही टोकं जुळवली, आणि मग कुठे छातीत धावाधाव सुरू झाली. तोवर तो अकरा फेब्रुवारीपाशी पोचलासुद्धा होता.

बाईने मागून सांगितलेलं त्याने ऐकलं होतं. नियम साधा होता. मानेतल्या शिरेतून नळी घालून हृदयाचा तिळाएवढा तुकडा काढायचा, तो परकेपणा करू लागलाय का ते पाहायचं, वर्षातून एकदा. त्याच्या खात्यातही दुकानातलं प्रत्येक वजन वर्षातून एकदा तपासून त्यावर शिक्का मारतात, त्यामुळे या प्रकाराबद्दल त्याची कधी तक्रार नव्हती. फक्त सोबत सज्ञान माणूस लागतं. सही करायला, घरी न्यायला, आणि पुढे वर्षभर रात्री-अपरात्री इस्पितळाने फोन केला तर उचलायला. बारापर्यंत सोबत आली नाही, तर आजची तारीख गेली. पुढची सात आठवड्यांनी, आणि गेले पंधरा दिवस जिना चढताना त्याला दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागत होतं. हे त्याने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं कुणी समोर आलं नव्हतं.

"मी करते फोन त्यांना," बाई म्हणाली होती.

"नको. त्या यायच्या नाहीत."

"येणार नाहीत, तर तसं त्यांनी सांगू दे ना. तुम्ही कशाला त्यांच्या वतीने?"

बायकोची धाकटी बहीण, भूगोल शिकवणारी. घरात तिला धाकटीच म्हणत. स्मशानातून परतताना तिने निरीक्षकाकडे एकदा पाहिलं होतं, आणि त्यानंतर आठ महिने पाहिलं नव्हतं. त्या पाहण्याचा अर्थ त्याने त्याच दिवशी लावून टाकला होता: माझ्या बहिणीने सतरा वर्षं तुम्हाला जगवलं, तुम्हाला तिला सतरा दिवस सांभाळता आलं नाही. त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. म्हणून त्यानेही फोन केला नव्हता.

बाकी कोण होतं? पहिल्या वर्षी माणसांची नुसती रेलचेल होती. त्याच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, स्वयंपाकघराच्या दारावर तक्ता लावला होता: सोमवारी डबा कोण, मंगळवारी इस्पितळात कोण, बुधवारी बायकोला चार तास झोपू द्यायला कोण. चौदा नावं होती. ऑफिसातल्या लोकांनी आपसात वाद घालून वार वाटून घेतले. गुरुवार कुणाला द्यायचा यावरून दोन कारकुनांचं बोलणं बंद झालं. त्या काळात निरीक्षक म्हणजे गावचा नवरदेव होता. दुसऱ्या वर्षी तक्त्यावर सहा नावं उरली, तिसऱ्या वर्षी तक्त्याचं काम कॅलेंडर करू लागलं. कुणाचं वाईट वाटून घ्यायचं नाही, असं बायको म्हणे. लोकांचं बरोबरच असतं. माणूस मेला तर खांदा द्यायचा, बरा झाला तर पाठ थोपटायची, एवढं सगळ्यांना येतं. पण जो मरतही नाही आणि धड बराही होत नाही, वर्षानुवर्षं नुसता टिकून राहतो, त्याच्याशी कसं वागायचं हे कुणाला शिकवलेलं नसतं. तो भेटला की लोक "कसे आहात" विचारत आणि उत्तर थोडं लांबलं की घड्याळ पाहत. त्याच्याबरोबरच हृदय बदललेला एक शिंपी होता, दर महिन्याला इथल्याच तळघरातल्या बैठकीत भेटे. तो म्हणायचा, "आपण उसनवारीचे पाहुणे, साहेब. पहिल्या दिवशी गादी, चौथ्या दिवशी चटई." पहिल्या बैठकीला एकोणीस जण होते. शिंपी तेराव्या वर्षी गेला. आता बैठकीला पाच जण येतात आणि त्यातले दोन चुकून येतात.

मुलंबाळं नव्हती, आधी बघू बघू करत राहिलं, मग बघण्यासारखं उरलं नाही. अक्काचे गुडघे गेले होते आणि आताशा ती फोनवर "वहिनी कशी आहे" असं विचारी. निरीक्षक "बरी आहे" म्हणे. तेवढाच एक फोन असा होता की ज्यात बायको बरी असे.

म्हणजे चौदा नावांचं एकच माणूस झालं होतं, बायको. तीच डबा, तीच मंगळवार, तीच गुरुवार. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठच्या गोळ्या, भाजी तीन पाण्यांतून धुणं, दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला "सर्दी नाही ना?" विचारणं. हा त्या घराचा नमस्कारच झाला होता. ओळखीचे लोक उंबऱ्यावरूनच "सर्दी नाही" असं सांगून आत येत. परक्या हृदयाला शरीराने हाकलून देऊ नये म्हणून अंगातले सगळे पहारेकरी औषधं देऊन झोपवून ठेवलेले. मग साधा भुरटा चोरही घर धुऊन नेणार. म्हणून घरातला नियम असा, की ज्याला शिंक आली तो मागच्या खोलीत. आणि 'ज्याला' म्हणजे घरात दुसरं होतंच कोण. बायकोला सर्दी झाली की ती उशी आणि रेडिओ उचले आणि म्हणे, "निघाले माहेरी." दार लावून घेई. चार दिवस, फार तर आठ. निरीक्षक दाराबाहेर स्टुलावर बसून तिला पेपर वाचून दाखवी. छोट्या जाहिरातींतल्या चुका वाचल्या की आतून हसू येई. खरं सांगायचं तर ते दिवस वाईट नसत. लग्नानंतर इतक्या वर्षांनी बायको माहेरी जाते आणि नवरा दाराशी बसून राहतो, याची त्यांना दोघांनाही थोडी गंमत वाटे.

गेल्या वर्षी जानेवारीच्या शेवटी ती अशीच माहेरी गेली. कोरडा खोकला होता. आठ दिवस झाले, पंधरा झाले. स्वयंपाकाला ती मास्क आणि हातमोजे घालून बाहेर येई, त्याचं ताट झाकून ठेवी आणि परत आत जाई. शेजारीण जिन्यात निरीक्षकाला थांबवून म्हणाली, "वहिनींना फार खोकला आहे ना? रात्री भिंतीतून ऐकू येतो. तुम्ही जपा हो." डॉक्टरांना फोनवर सांगितलं तर तेही म्हणाले, पेशंटला दूर ठेवा. पेशंट म्हणजे तो. जगातलं प्रत्येक माणूस तो खोकला ऐकून त्याच्याकडे वळून बघत होतं. साधी सर्दी किती दिवस राहते हे निरीक्षकाला माहीत होतं; कुठलीही गोष्ट ठरल्यापेक्षा किती जास्त भरते हे पाहण्याचाच त्याला पगार मिळे. "माहेरी किती दिवस?" एकदा त्याने पेपर घडी करत विचारलं. "सासरच्यांनी बोलावलं की लगेच येईन," ती दाराआडून म्हणाली. आणि तो हसला होता. गंमत म्हणून हसला होता. बोलावलं मात्र नव्हतं.

मेमध्ये तिने सांगितलं. फुप्फुसात होतं, आणि तोवर आणखी दोन ठिकाणी. खोकला कुणाला लागणारा नव्हताच. तीन महिने एका बाईला तिच्याच घरात दाराआड ठेवून ज्या गोष्टीपासून त्याला वाचवलं, ती गोष्ट तिच्यावाचून दुसऱ्या कुणाला होण्यासारखीच नव्हती. या चुकीवर निरीक्षक आठ महिने जगत होता. चूक भयंकर होती, पण ती सगळ्यांची होती, डॉक्टरांची, शेजारणीची, तिची स्वतःची. सगळ्यांनी मिळून एकच काटा चुकीचा वाचला, असं म्हटलं की ताटातला घास कसाबसा खाली उतरे. आता काचेमागच्या बाईने त्या चुकीवर तारीख घातली होती. अकरा फेब्रुवारी. सोबतीच्या रकान्यातून स्वतःचं नाव काढायला कोण येतं? आपण सोबत राहणार नाही हे ज्याला कळलंय तो.

धाकटी पावणेबाराला आली. शाळेतून उठून आली असावी, उजव्या हाताच्या बोटांना खडू होता. काचेशी जाऊन तिने काहीतरी सांगितलं, मग रांगांमधून वाट काढत त्याच्यापाशी आली आणि मधे एक खुर्ची सोडून बसली.

"सर्दी नाहीये मला," ती म्हणाली.

"ये."

दोघं समोरच्या भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघू लागली. लाल आणि निळा रंग ठळक होते. मग धाकटी म्हणाली, "त्या बाईंनी तुम्हाला तारीख सांगितली."

"हो."

"सांगायला नको होती."

"तुला तेव्हाच माहीत होतं."

"नऊ तारखेला रिपोर्ट आला. मीच घेऊन आले होते. ताईने बाहेर पायरीवर बसून वाचला, घडी घातला आणि म्हणाली, चल, आधी एक काम उरकू." धाकटी बोटांवरचा खडू पुसत होती. "मला वाटलं तिच्या डॉक्टरांकडे. तर दोन दिवसांनी इथे घेऊन आली. म्हणाली, भाऊजींचा फॉर्म बदलायचाय. मी म्हटलं, ताई, तुला वेड लागलंय का. तर म्हणते, तुझी सही सुवाच्य कर, मागच्या वेळी माझी वाचता आली नाही म्हणून अर्धा तास गेला होता."

निरीक्षकाला हे वाक्य तिच्या आवाजात ऐकू आलं. सही खरंच वाचता येत नसे तिची.

"आणि मला का नाही सांगितलं?"

"चार मार्चला तुमची तपासणी होती. ती होऊ दे म्हणाली. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. मला शपथ घातली."

"आणि चार मार्चनंतर?"

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. आठ महिन्यांनी पहिल्यांदा. "तपासणीत तुमचं थोडं निघालं ना. औषध वाढवलं. सहा आठवडे जास्त जपा, ताण नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग म्हणाली, आता कसं सांगू."

"तिचे उपचार?"

"तेच ना," धाकटी म्हणाली. "सुरू केले असते तर तुम्हाला कळलं असतं. केस गेले असते, उलट्या झाल्या असत्या. घरात लपवणार कुठे?"

मागच्या खोलीत, असं उत्तर निरीक्षकाच्या तोंडाशी आलं आणि त्याने ते गिळलं. म्हणजे खोकला लागणारा नाही हे ठाऊक असूनही ती आतच राहिली होती. बाहेर येऊन बसली असती तर त्याने तिचा चेहरा उजेडात पाहिला असता. दार त्याच्यासाठी लावलेलं होतं खरं, पण जे अडवायचं होतं तो खोकला नव्हता, त्याचे डोळे होते. आणि तो शहाण्यासारखा स्टुलावर बसून पेपर वाचत होता.

"मी विचारलं त्यांना नंतर," धाकटी म्हणाली. "तिच्या डॉक्टरांना. तीन महिने आधी सुरू केलं असतं तर? ते म्हणाले, फार फरक पडला नसता."

"फार?"

"फार हा शब्द त्यांचा."

तीस वर्षांत निरीक्षकाने फार नावाचं माप पाहिलं नव्हतं. ग्रॅम असतो, मिलिग्रॅम असतो. अगदी सोनाराच्या तराजूचा काटा वाऱ्याने हलतो त्याचासुद्धा आकडा असतो. फारमध्ये किती दिवस बसतात? एक पावसाळा? एक आठवडा, ज्यात ती बाहेरच्या खोलीत त्याच्या शेजारी बसली असती?

"मी रोज स्वतःला सांगते, फार फरक पडला नसता," धाकटी म्हणाली. "तुम्हाला फोन करायला मला तोंड नव्हतं. तुम्ही विचारलं असतं, तुला माहीत होतं का, तर काय सांगणार होते?"

"मला वाटलं, तू माझ्यावर रागावली आहेस."

"ते तर आहेच," ती म्हणाली. अगदी साधेपणाने, पत्ता सांगावा तशी. "तुम्ही एकदा दार उघडून बघितलं असतं तर माझी शपथ सुटली असती. रोज वाटायचं, आज उघडतील. भाऊजी, तीन महिने. तुम्हाला खरंच सर्दी वाटली?"

या प्रश्नाला त्याच्यापाशी एक तयार उत्तर होतं: सगळ्यांनाच वाटली. ते त्याने आठ महिने घासून लख्ख ठेवलं होतं. ते बाहेर यायला हवं तेव्हा आलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "तीन आठवड्यांनंतर नाही वाटली."

"मग?"

"वाटलं, काहीतरी मोठं आहे. आणि मला लागेल."

 धाकटीने तोंडावर मूठ धरली आणि ती खोकली. रडू दाबताना येतो तसा, एकदाच. निरीक्षक खुर्चीत बाजूला सरकला. त्याने ठरवून केलं नाही. सतरा वर्षांत खांद्याला, कमरेला, पायांना जे वळण लागलं होतं ते त्याला न विचारता त्याला वीतभर पलीकडे घेऊन गेलं. धाकटीने ते पाहिलं. त्याने तिला पाहताना पाहिलं. मधली रिकामी खुर्ची होती त्यापेक्षा वीतभर मोठी झाली.

"असू दे," ती म्हणाली. "बरोबर आहे तुमचं. तपासणीच्या आधी जपायलाच पाहिजे." आणि हे ती टोचून बोललेली नव्हती, हेच त्याला सोसलं नाही.

काचेमागून बाईने हाक मारली. धाकटी गेली, तोही मागोमाग गेला. जुना फॉर्म एका वर्षापुरताच होता, नवा भरायचा होता. नाव, पत्ता, पेशंटशी नातं. नात्याच्या चौकटीत तिने 'मेहुणी' लिहिलं, मागच्या वेळच्याइतक्याच सुवाच्य अक्षरात. शेवटी जबाबदारीचा कालावधी होता. बायकोने भरलेल्या सोळा फॉर्मांवर, बाईने पाहून सांगितलं, 'कायम' असं लिहिलेलं आहे. बहुतेक लोक तसंच लिहितात.

धाकटीने पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. बारा वाजायला चार मिनिटं होती. निरीक्षक भिंतीकडे बघत होता. इतकी वर्षं दुकानदार त्याच्यासमोर असे उभे राहत, काट्यावर काय भरतं ते न बघता. तिने 'एक वर्ष' लिहिलं.

"पुढच्या वर्षीचं मला सांगता यायचं नाही," ती बाईला म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, "एवढं करीन. ताईला सही दिली आहे. पण रोज फोन करणार नाही, भाऊजी, आणि तुम्हीही करू नका. दम लागला तर मात्र करा. लागतो का?"

"नाही," तो सवयीने म्हणाला. मग म्हणाला, "दुसऱ्या मजल्यावर. पंधरा दिवस झाले."

तिने मान हलवली आणि फॉर्मच्या कोपऱ्यात ते लिहून टाकलं.

आत टेबलावर त्याला आडवं केलं तेव्हा सगळं ओळखीचं होतं. मान डावीकडे, चेहऱ्यावर हिरवं कापड, उजव्या बाजूला गार फडका, मग इंजेक्शनची चुणचुण. कापडाखाली हिरवट उजेड असतो आणि स्वतःचा श्वास ऐकू येतो. दर वर्षी या वेळी बाहेर बाकावर बायको बसलेली असे, आणि संपल्यावर तिला तो सांगे की काही नाही, पाच मिनिटांचं काम. ती म्हणे, पंचवीस झाली. कुणीतरी बाहेर बसून आपली मिनिटं मोजतंय, एवढ्यावर माणूस किती वर्षं काढतो. आता बाहेर धाकटी असेल. ती मिनिटं मोजत नसेल. वह्या तपासत असेल. तिने एक वर्ष दिलं होतं, आणि ते ती मापात देणार होती. त्यात त्याला कमी काही वाटलं नाही. उलट ज्या बाईने सोळा वेळा 'कायम' लिहिलं, तिला त्याने एकदाही विचारलं नव्हतं की कायम म्हणजे किती, आणि तू कुठून आणणार.

"आता नळी आत जातेय," डॉक्टर कापडाच्या पलीकडून म्हणाले. "मान अजिबात हलवायची नाही. श्वास नेहमीसारखा." थोडा वेळ गेला. मग ते हळूच म्हणाले, "दुखतंय का?"

"नाही."

"मग रडू नका. मान हलते."

निरीक्षकाने सतरा वर्षांत डॉक्टरांची एकही सूचना मोडली नव्हती. तो तसाच रडत राहिला, श्वास नेहमीसारखा घेत, मान तसूभरही न हलवता.